क्रूझची सफर करायची आहे? पेरणीच्या पैशाला हात न लावता असा जमवा पैसा

हिंगणा : मुंबईकडे जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्याच तालुक्यातल्या शिवमडक्यापासून सुरू होतो. ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला झाला आणि रस्ता थेट भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापर्यंत पोहोचला. रस्ता जवळ आला, तशी मुंबईच्या समुद्राचीही ओढ वाढली. मोबाईलवर रोज जहाजाचे व्हिडिओ दिसतात. पाण्यावर चालणारं दहा मजली हॉटेल, वर पोहायचा तलाव, खाली जेवणाच्या पंगती. लेकरं विचारतात, "बाबा, आपण कधी जायचं?"

आई-बाबाचं उत्तर ठरलेलं असते, "आपल्याले थोडीच परवडते ते."

परवडते की नाही, हे नीट हिशेब मांडल्याशिवाय सांगता येत नाही. पण एक गोष्ट आधीच सांगतो. शेतकऱ्याच्या घरात पैसा नसतो असं नाही. तो वर्षातून दोन-तीनदा एकदम येतो आणि लगेच दहा वाटांनी निघून जातो. म्हणून दर महिन्याला पगारातून वाचवा, हा शहरातला सल्ला आपल्याकडे चालत नाही. आपल्याकडे पैसा ज्या दिवशी येतो, त्याच दिवशी सफरीचा वाटा बाजूला निघाला पाहिजे. तेही पेरणीचा पैसा वेगळा ठेवून.

आधी समजून घ्या, ही सफर असते तरी काय

जहाजाचा प्रवास महाराष्ट्राला नवा नाही. कोकणात धड रस्ते नव्हते तेव्हा तिकडची माणसं आगबोटीनंच मुंबईला ये-जा करायची. आज आपल्याला जशी एसटी, तशी त्यांना बोट. आता जी क्रूझ म्हणतात ती मात्र कुठे पोहोचायसाठी नसते. जहाजावर राहणं, खाणं, फिरणं हीच सफर.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली. २०१९ मध्ये 'कर्णिका' हे मोठं जहाज मुंबईहून निघू लागलं. पुढे दोन्ही बंद पडल्या. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचं जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागलं. आयआरसीटीसीनेही त्याची तिकिटं विकायला सुरुवात केली.

या इतिहासातून आपल्या कामाची एक गोष्ट निघते. जहाजाच्या कंपन्या येतात आणि जातात. म्हणून दोन वर्षांनंतरच्या सफरीसाठी आजच कोणाकडे हप्ते भरू नका. पैसा आपल्याच खात्यात जमा करा आणि निघायची तारीख जवळ आली, की मग बुकिंग करा.

एकूण खर्च किती धरायचा?

जाहिरातीत दिसते तो आकडा बहुतेक वेळा एका माणसाचा असतो, सगळ्यात साध्या खोलीचा असतो आणि कर त्यात धरलेला नसतो. तिकिटाचे भाव तारखेनुसार रोज बदलतात. म्हणून खालचा हिशेब फक्त पद्धत समजावी यासाठी आहे. तुमच्या वेळचे खरे आकडे विचारून त्यात भरा.

समजा नवरा-बायको आणि दोन लेकरं, दोन रात्रींची सफर :

– जहाजाचं तिकीट, कर धरून : ६० हजार
– जहाजावरचा वरखर्च : ६ हजार
– नागपूर-मुंबई रेल्वे, जाणं-येणं : ४ हजार
– मुंबईत एक मुक्काम, जेवण, टॅक्सी : ६ हजार
– अडीअडचणीसाठी : ४ हजार

एकूण ८० हजार.

जहाजावरचं ठरलेलं जेवण आणि बहुतेक करमणुकीचे कार्यक्रम साधारणपणे तिकिटातच येतात. दारू, इंटरनेट, बंदरावर उतरून फिरायची सहल आणि काही ठिकाणी सेवाशुल्क यांचे पैसे वेगळे लागतात. बिल फुगते ते इथेच.

पहिला नियम : पेरणीचा डबा वेगळा

मे-जून आला की बियाणं, खत, फवारणी, नांगरणी असा खर्च एकदम अंगावर येतो. त्या वेळी सफरीचा पैसा आणि पेरणीचा पैसा एकाच खात्यात असला, तर दोन्हीपैकी एकाचं नुकसान ठरलेलं. म्हणून खाती दोन ठेवा. शेतीचं एक, सफरीचं एक. सफरीच्या खात्याचं एटीएम कार्ड खिशात ठेवू नका आणि ते खातं फोन-पे, गुगल-पेला जोडू नका.

पीककर्जाच्या पैशातून तर फिरायला जाऊच नका. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं, तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा फायदा मिळतो. मुदत हुकली की ही सवलत गेली आणि पुढच्या हंगामाचं नवं कर्जही अडकते. मग माणूस सावकाराच्या दारात जातो. दोन रात्रीच्या मौजेसाठी दोन वर्षांचं व्याज डोक्यावर घेऊ नका.

पीएम किसान आणि नमो शेतकरी योजनेचे हप्तेही बी-खतासाठीच राहू द्या. सफर जास्तीच्या पैशातून झाली पाहिजे.

पैसा जमवायचे सहा मार्ग

१. क्विंटलमागे शंभर रुपये. माल विकला त्याच दिवशी, घरी यायच्या आधी, क्विंटलमागे १०० रुपये सफरीच्या खात्यात टाका. आठ-दहा एकरवाल्या घरात समजा १५ क्विंटल सोयाबीन, ३० क्विंटल कापूस आणि ५ क्विंटल तूर झाली. ५० क्विंटलचे ५ हजार, दोन वर्षांत १० हजार. भाव पडला किंवा पीक गेलं, तर त्या वर्षी हा वाटा आपोआप कमी होतो. ओझं होत नाही. संत्र्याचा बगीचा असेल, तर सौद्याच्या रकमेतून असाच एक ठरलेला वाटा काढा.

२. एक लिटर दूध समुद्राचं. डेअरीवर रोज दूध जाते, त्यातल्या एका लिटरचा पैसा वेगळा धरा. लिटरला ३५ रुपये धरले तर महिन्याचे १,०५० होतात. गाय वर्षभर दूध देत नाही, म्हणून दोन वर्षांतले १६ महिनेच मोजा. तरी १६,८०० रुपये होतात.

३. खर्रा अर्धा. हे वाचून काही भाऊ नाराज होतील, पण हिशेब ऐकून घ्या. समजा ३० रुपयांचा खर्रा दिवसाला दोन लागतात. महिन्याचे १,८०० आणि वर्षाचे २१,९०० रुपये. त्यातला एक जरी सोडला, तरी वर्षाला १०,९५० आणि दोन वर्षांत २१,९०० वाचतात. म्हणजे सफरीचा चौथा हिस्सा पानठेल्यावरच निघून राहिला. दोन्ही सोडले तर तोंडाच्या कॅन्सरची धास्तीही कमी होते. रोज संध्याकाळी वाचलेले ३० रुपये लेकराच्या हातानं डब्यात टाका. बाप विसरेल, पोट्टं विसरत नाही.

४. बाईच्या खात्यातली आवर्ती ठेव. घरच्या बाईच्या नावानं बँकेत महिना ५०० रुपयांची आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, उघडा. दोन वर्षांत १२ हजार आणि वर व्याज. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये येत असतील, तर त्यातले ५०० इकडे वळवता येतात. पण तो पैसा तिचा आहे. कुठे जायचं आणि कधी जायचं, हे ठरवताना तिचा शब्द आधी.

५. उन्हाळ्यातले पापड-कुरडया. आपल्याकडच्या उन्हात वाळवण लवकर होते. लोकमान्य नगरपासून मेट्रो सीताबर्डीला जाते, नागपूरचं गिऱ्हाईक आता दूर नाही. घरचे पापड, कुरडया, शेवया, सांडगे ओळखीच्या दहा-बारा घरांत आधी ऑर्डर घेऊन दिले, तर माल पडून राहत नाही. साहित्याचा खर्च जाऊन हंगामाला ५ हजार उरले, तरी दोन उन्हाळ्यांचे १० हजार होतात.

६. कंपनीचा बोनस. घरातला एखादा जण हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत असेल, तर दिवाळीच्या बोनसमधून ४ हजार काढा. दोन दिवाळ्यांचे ८ हजार. मोबाईल बदलायचा असेल तर एक वर्ष थांबा.

आता बेरीज करा. १० हजार, १६,८००, २१,९००, १२ हजार, १० हजार आणि ८ हजार. झाले ७८,७००. आरडीचं व्याज धरलं तर ८० हजारांच्या जवळ आलो. कर्ज नाही, दागिना गहाण नाही.

प्रत्येक घरात सहाही मार्ग निघणार नाहीत. ज्याच्याकडे तीनच असतील त्यानं दोनऐवजी चार वर्षं धरावी. लेकरं तेवढ्यात लय मोठी होत नाहीत.

पैसा ठेवायचा कुठे?

घरच्या डब्यातला पैसा अडीअडचणीला पहिला जातो. म्हणून डबा भरला की महिन्यातून एकदा बँकेत टाका.

दोन वर्षांची सफर असेल तर बँकेची आरडी बरी, कारण तिची मुदत आपल्याला ठरवता येते. पोस्टाची आरडी ५ वर्षांची असते आणि महिना १०० रुपयांपासून सुरू होते. ती ३ वर्षांनंतर मोडता येते, पण मग व्याज बचत खात्याच्या दरानं मिळते. ज्यांची सफर पाच वर्षांनंतरची आहे, त्यांना पोस्टाचं चांगलं. ६.७ टक्के दरानं महिना १ हजार भरले, तर पाच वर्षांत ६० हजारांचे सुमारे ७१ हजार ३०० होतात. दर सरकार तिमाहीला ठरवते, खातं उघडताना विचारून घ्या.

बँकेत एका माणसाच्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. पतसंस्थेच्या ठेवीला तो विमा नसतो. जास्त व्याजाच्या लोभानं सफरीचा पैसा नको तिथे टाकू नका.

भिशी लावावी का?

गावात भिशी चालतेच. १२ जण, महिना २ हजार, दर महिन्याला एकाला २४ हजार. ज्याचा नंबर पहिला, त्याला ते बिनव्याजी कर्ज. ज्याचा शेवटचा, त्याची ती बिनव्याजी बचत. अडचण तेव्हा येते, जेव्हा पहिला नंबर घेणारा पाचव्या महिन्यात हप्ता थांबवतो. त्याचा फटका शेवटच्याला बसतो.

सफरीसाठी याहून चांगली पद्धत म्हणजे सोबत जाणाऱ्यांचाच गट. दहा घरं मिळून बँकेत एक खातं उघडा, पैसे काढायला दोघांच्या सह्या ठेवा आणि दर महिन्याला वहीत जमा लिहून सगळ्यांसमोर वाचा. बचत गटातल्या बायांना हे शिकवायची गरज नाही. नियमित बैठक, नियमित बचत, चोख हिशेब ही त्यांची रोजची सवय आहे. गट सोडला तर पैसे कसे परत मिळणार, हे पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा. गटानं जाणाऱ्याला तिकिटात सूटही मागता येते.

तिकिटात बचत कशी होते?

– शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्ट्या महाग पडतात. आठवड्याच्या मधल्या दिवसांचे भाव विचारा.
– खिडकी नसलेली आतली खोली सगळ्यात स्वस्त. तसंही दिवसभर माणूस डेकवरच राहते.
– एकाच खोलीत तिसरा आणि चौथा माणूस सहसा कमी पैशात बसतो. लेकरांचा वेगळा दर विचारा.
– तुरीचं काम आटोपल्यावर आणि मृगाच्या आधी, हा आपल्या मोकळा होण्याचा काळ. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असते, तेव्हाचा बेत करू नका.
– रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते. विदर्भ, सेवाग्राम, दुरांतो या गाड्या नागपूरहून मुंबईला जातात. स्लीपरचं तिकीट पाचशे रुपयांच्या आसपास पडते.
– जहाज निघायच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोहोचा. गाडी चार तास लेट झाली, तर जहाज थांबत नाही आणि तिकिटाचे पैसे बुडतात. एका मुक्कामाचा खर्च त्यापेक्षा स्वस्त.
– देशातल्या देशात फिरणाऱ्या जहाजाला आधार किंवा मतदान कार्ड चालते. परदेशी बंदराला जाणार असेल तर पासपोर्ट लागतो. नावाचं स्पेलिंग ओळखपत्रासारखंच टाका.

या तीन गोष्टींपासून दूर राहा

"आधी फिरा, मग हप्ते भरा." सफर दोन रात्रीत संपते, हप्ते दोन वर्षं चालतात. एक हप्ता चुकला तर दंड लागतो आणि पुढे पीककर्ज घेताना सिबिल आडवा येते.

"अभिनंदन, तुम्हाला क्रूझ लागली." मॉल किंवा पेट्रोल पंपावर कूपन भरून घेतात, मग हॉटेलात बोलावून सदस्य व्हायचा आग्रह करतात आणि तिथेच कार्ड घासून घेतात. फुकटची सफर कोणी देत नाही. त्या दिवशी सही करू नका, कागद घरी आणून वाचा.

व्हॉट्सअॅपवर आलेली फाईल. तिकीट किंवा ऑफरच्या नावानं एपीके फाईल आली, तर उघडू नका. त्यातून मोबाईलचा ताबा जातो आणि खातं रिकामं होते. पैसे गेलेच तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा, जितक्या लवकर कराल तितकं बरं. ग्राहक म्हणून तक्रार असेल तर १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाईनचा नंबर आहे.

बुकिंगचा पैसा कंपनीच्या खात्यावरच द्या, एजंटच्या स्वतःच्या यूपीआयवर नाही. बिल घ्या. सफर रद्द झाली तर किती दिवसांत किती पैसे परत मिळणार, हे लेखी घ्या.

८० हजार झेपत नसतील तर?

ज्या घरात मजुरीवरच चूल पेटते, तिथे ८० हजार म्हणजे थट्टा वाटेल. पण समुद्र बघायला आणि बोटीत बसायला एवढे लागत नाहीत. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून अलिबागकडच्या मांडव्याला मोठी रो-रो बोट जाते. तासाभराचा प्रवास आहे. गेटवे ऑफ इंडियावरून घारापुरीला, म्हणजे एलिफंटा लेण्यांना लाँच जातात. सोमवारी लेणी बंद असतात. या बोटींचं तिकीट शेकड्यात आहे, हजारात नाही. रेल्वे, मुक्काम, जेवण धरून चौघांचं काम जहाजाच्या तुलनेत फार कमी पैशात होते.

फक्त एक लक्षात ठेवा. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून निघालेल्या लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि अनेक जीव गेले. लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय बसू नका, लेकरांनाही घाला. बोट गच्च भरली असेल तर पुढच्या फेरीला थांबा.

मोठ्या जहाजाचा बेत असणाऱ्यांनीही आधी रामटेकजवळच्या खिंडसीत किंवा कुही तालुक्यातल्या अंभोऱ्याला बोटीत बसून यावं. समुद्राच्या लाटा तिथे नसतात, पण पाण्यावर कोणाला भीती वाटते आणि कोणाला मळमळते, याचा थोडा अंदाज येतो. बोट लागते त्याला ८० हजारांची सफर शिक्षाच वाटेल.

सुरुवात कधी करायची?

येत्या आठवडी बाजाराच्या दिवसापासून. एका कागदावर चार ओळी लिहा. कुठे जायचं, कधी जायचं, किती लागणार आणि कोण कशातून किती देणार. तो कागद चुलीजवळच्या भिंतीवर चिकटवा. दर महिन्याला जमा झालेली रक्कम त्याच्याखाली लेकरानं लिहावी.

मधेच आजारपण आलं, बैल गेला, पाऊस दगा देऊन गेला, तर हा पैसा मोडायला लाजू नका. समुद्र जागेवरच राहते, तारीख पुढे ढकला. पण हौसेच्या दुसऱ्या खर्चासाठी मात्र त्याला हात लावू नका. घरातल्या म्हाताऱ्या आईनं जन्मभर निंदणं-वेचणं केलं आणि समुद्र फक्त टीव्हीवर पाहिला. खर्चाच्या यादीत पाचवं नाव तिचंही लिहा. त्यासाठी सहा महिने जास्त लागले तरी चालतील.